टर्बो नसलेल्या स्पोर्ट्स कारला नवं इनटेक मॅनिफोल्ड: घ्यावं का, आणि ठरवायचं कसं

बॉनेट उघडलं आणि आत चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग, दिसलं की बघणारा दोन पावलं पुढे येतोच. हा एक फायदा खात्रीचा. बाकीचे मिळतील की नाही हे इंजिनावर आणि गाडी कोण कशी चालवतं यावर ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिन कंपनीतून आलं तसंच असेल, कॅम, म्हणजे व्हॉल्वची उघडझाप करणारे दांडे, बदललेले नसतील आणि गाडी जास्त करून रस्त्यावरच फिरत असेल, तर या भानगडीत पडू नका. अपवाद दोन. एक, तुमच्या इंजिनाचं मूळ मॅनिफोल्ड कंपनीनंच तडजोड करून बनवलेलं आहे आणि त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या मॉडेलवर चांगलं मॅनिफोल्ड मिळतं. दोन, कॅम, हेड (व्हॉल्व असलेला इंजिनाचा वरचा भाग) आणि आरपीएमची (मिनिटाला फेऱ्यांची) मर्यादा हे सगळं वर नेलेलं आहे आणि गाडी ट्रॅकवर वरच्या आरपीएमलाच राहते. तुमची गाडी कुठे बसते हे विकत घेण्याआधी मोजून कळतं. ते कसं मोजायचं, यावरच हा लेख आहे.

मॅनिफोल्ड करतं तरी काय

टर्बो इंजिनात हवा ढकलली जाते. साध्या इंजिनात ती पिस्टनला ओढून घ्यावी लागते, आणि समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब असतो साधारण १०१ किलोपास्कल. तेवढंच भांडवल. थ्रॉटल बॉडीतून, म्हणजे पॅडल दाबल्यावर उघडणाऱ्या दारातून, हवा आधी प्लेनममध्ये, म्हणजे मोठ्या डब्यात येते आणि तिथून प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र नळीतून, म्हणजे रनरमधून, व्हॉल्वपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या दारापर्यंत, जाते.

आता गंमत रनरच्या लांबीत आहे. पिस्टन खाली जाताना कमी दाबाची एक लाट रनरमधून उलटी प्लेनमकडे जाते, तिथल्या मोकळ्या तोंडावर आपटते आणि जास्त दाबाची होऊन परत व्हॉल्वकडे येते. व्हॉल्व बंद व्हायच्या बेतात असताना ती पोहोचली, तर जाता जाता थोडी जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबते. लवकर किंवा उशिरा आली तर फुकट.

आकडे घालून बघू. हेडमधला पोर्ट धरून रनर ३५ सेंटिमीटरचा आहे असं समजा. जाऊन-येऊन ७० सेंटिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे लाटेला लागतात साधारण २ मिलिसेकंद. ७००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, सुमारे ८६ अंश फिरतो, ३५०० ला फक्त ४३. लाटेचा वेळ तोच, इंजिनाचा बदलला. म्हणून एक लांबी सगळ्या आरपीएमला जमत नाही. लांब रनर खाली आणि मध्ये टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतात, आखूड रनर वर. मॅनिफोल्ड बदललं की टॉर्कचा डोंगर बहुतेक वेळा उंच होत नाही, बाजूला सरकतो. जाहिरातीत फक्त उजवीकडचा उतार दाखवतात.

यावर कंपन्यांनी उपाय शोधलेच आहेत. १९९१ ची ल मां शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी च्या रोटरी इंजिनात इनटेकची लांबी चालू गाडीत कमी-जास्त होत असे. बीएमडब्ल्यूनं २००१ मध्ये एन६२ या व्ही८ इंजिनात तीच सोय रस्त्यावरच्या गाडीत आणली. आज पुष्कळ गाड्यांत झडपेनं लांब-आखूड असे दोन मार्ग निवडणारं मॅनिफोल्ड असतं. तुमच्या गाडीत ते असेल आणि त्याजागी एकाच लांबीचं 'रेसिंग' मॅनिफोल्ड लावायचा विचार असेल, तर दोन हत्यारांच्या बदल्यात एक घेताय, एवढं लक्षात ठेवा.

पायरी १: आपल्या इंजिनाची वंशावळ काढा

खर्च शून्य आणि उपयोग सगळ्यात जास्त, अशी ही पायरी. आपल्या इंजिनाचा कोड घ्या आणि तेच इंजिन कंपनीनं आणखी कुठल्या गाड्यांत, किती ताकदीत विकलं ते बघा.

बीएमडब्ल्यू झेड४ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत ३.०आय आणि ३.०एसआय अशा दोन्ही गाड्यांत ३ लिटरचं एन५२ इंजिन होतं, पण एकीची ताकद २१५ हॉर्सपॉवर आणि दुसरीची २५५. फरकातला मोठा वाटा झडपा असलेलं तीन टप्प्यांचं मॅनिफोल्ड आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, मॅपिंग यांचा. अशा इंजिनावर मोठ्या भावाचं मॅनिफोल्ड, सोबत ट्यूनिंग (म्हणजे ईसीयूचं मॅपिंग नव्यानं जुळवणं), हा सौदा खरा आहे. भाग कंपनीचा, बोल्टची भोकं जुळतात, सेन्सरच्या जागा ठरलेल्या. होंडाच्या के२० कुटुंबातही सिविक एसआयवरचं आरबीसी नावाचं मॅनिफोल्ड लोक याच कारणानं शोधत असतात.

निस्सान ३५०झेड वेगळ्या प्रकारात मोडते. तिच्या सुरुवातीच्या व्हीक्यू३५डीई इंजिनात प्लेनमचं वरचं झाकण पुढच्या बाजूला उतरतं, त्यामुळे पुढच्या सिलिंडरांवर डबा चेपलेला. वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक जाड पट्टी घालून झाकण उचलायचं, एवढाच तिथला उपाय. अख्खं मॅनिफोल्ड लागत नाही.

आता उलट बाजू. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड यांना २०१७ साली नवं रूप मिळालं तेव्हा अमेरिकेतल्या मॅन्युअल गाड्यांना प्लास्टिकच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचं मॅनिफोल्ड आलं, वरून लाल रंग, शिवाय एक्झॉस्ट मॅनिफोल्डही सुधारलेलं. ताकद २०० ची २०५ हॉर्सपॉवर झाली. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीला हात लावून ५ मिळवले. मग नुसत्या मॅनिफोल्डवर २० मिळतील असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला टॉर्कचा आलेख मागा, ३००० आरपीएमपासूनचा.

फोर्ड मस्टँगचं उदाहरण तर शाळेत शिकवावं असं. २०१२ च्या मस्टँग जीटीचं ५ लिटरचं इंजिन ४१२ हॉर्सपॉवरचं. त्याच वर्षीच्या बॉस ३०२ मध्ये आखूड रनरचं मॅनिफोल्ड, काम केलेली हेड्स, वेगळे कॅम, आणि ताकद ४४४. पण कमाल टॉर्क जीटीचा ५२९ न्यूटन-मीटर आणि बॉसचा ५१५. वर मिळवलं, खाली दिलं. आणि मिळवायला मॅनिफोल्ड एकटं पुरलं नाही, सोबत हेड आणि कॅम लागले.

पायरी २: हवा अडते कुठे, ते मोजा

हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण एका दुपारी होतं आणि पुष्कळ खर्च वाचवतं. गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला, लावायचं एक लॉगर (नोंदी ठेवणारं उपकरण) घ्या. मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम, थ्रॉटलची टक्केवारी, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि इग्निशनचा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, एवढं नोंदवायचं.

आधी इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा. आता सेन्सर दाखवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. समजा १०१ आला. मग डायनोवर (गाडीची ताकद जागेवरच मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून लाल रेषेपर्यंत, म्हणजे कमाल आरपीएमपर्यंत, पूर्ण थ्रॉटल द्या. रस्त्यावर हे करू नका. शेवटच्या हजार आरपीएममधला दाब बघा.

९९ च्या आसपास असेल तर फिल्टरपासून प्लेनमपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. मोठी थ्रॉटल बॉडी, मोठा पाइप, भारीतला फिल्टर यांच्याकडे आता मिळवायला फक्त त्या दोन किलोपास्कलचा हिशेब उरला. ९४ दिसला तर सुमारे ७ टक्के हवा वाटेतच अडकते आहे, पण अडवणारं मॅनिफोल्ड नाही, त्याच्या आधीचं काहीतरी आहे. डायनोवर एकदाच फिल्टर काढून पुन्हा धाव घ्या. आकडा वर आला तर चोर फिल्टरच्या डब्यात. नाही आला तर पाइप किंवा थ्रॉटल बॉडी.

काही गाड्यांत फक्त हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर असतो, दाबाचा नसतो. तिथे व्हॅक्यूमच्या एखाद्या मोकळ्या तोटीला दाबमापक जोडा, तेवढंच काम होतं.

या परीक्षेची एक मर्यादा आहे. सेन्सर प्लेनममध्ये असतो, म्हणून रनरमधली अडचण त्याला दिसत नाही. त्यासाठी टॉर्कचा आलेख लागतो. प्लेनममध्ये दाब पूर्ण आहे, इग्निशनचा टायमिंग मागे ओढलेला नाही, पेट्रोल बरोबर पडतंय, आणि तरीही टॉर्क ६००० नंतर दगडासारखा खाली येतो, तर रनर किंवा कॅम यांच्यापैकी कोणाची तरी हद्द आली. कंपनी हे दोन्ही एकाच आरपीएमसाठी जुळवते. मूळ कॅमवर आखूड रनर लावले तर लाट वेळेवर येते खरी, पण दार आधीच लागलेलं असतं.

पायरी ३: तुमची गाडी कुठल्या आरपीएमला राहते

याला उपकरण लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २ आणि तिसऱ्याचं १.५ असेल आणि तुम्ही ७२०० ला गिअर बदलत असाल, तर तिसऱ्यात इंजिन ५४०० ला उतरतं. म्हणजे ट्रॅकवर तुमचं जग ५४०० ते ७२०० एवढंच. त्या पट्ट्यात ५ टक्के टॉर्क वाढला आणि ४००० ला ५ टक्के गेला, तरी लॅप टाइम कमीच होणार.

हीच गाडी रोज ऑफिसला नेत असाल तर उलटं. तुम्ही १५०० ते ४००० मध्ये राहता आणि नेमका तिथलाच दम गेला. लॉगर लावलाच आहे तर आठवडाभर चालू ठेवा. आपण ६००० च्या वर किती सेकंद जातो हा आकडा बघून मी स्वतः ओशाळलो होतो.

पायरी ४: रांगेत मॅनिफोल्डच्या पुढे कोण आहे

टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल हे झालं असेल असं धरतो. इंजिनापुरतं बोलायचं तर साध्या इंजिनावर बहुतेक वेळा हेडर म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ट्यूनिंग यांचा नंबर आधी लागतो. ८६ आणि बीआरझेडच्या एफए२० इंजिनाला ४००० आरपीएमच्या आसपास टॉर्कचा जो खड्डा आहे, तो लोक हेडर आणि ट्यूनिंगनंच बुजवतात. त्यानंतर कॅम, आणि कॅमसोबत मॅनिफोल्ड. हा जोडा आहे, एकट्या-एकट्यानं आणू नये.

पायरी ५: घ्यायचंच ठरलं तर काय बघायचं

लांबीचं बोलून झालं. रनरचा व्यास मोठा केला की वर हवा मोकळी होते, पण खाली तिचा वेग पडतो आणि इंजिन सुस्त वाटतं. प्लेनमचंही तसंच, मोठा डबा वर मदत करतो आणि पॅडलला उत्तर जरा उशिरा देतो. थ्रॉटल बॉडीत ६० ऐवजी ६५ मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी जास्त. म्हणून अर्ध्या पॅडलला गाडी उसळते आणि 'पिकअप वाढला' असं वाटतं. वाढलेला असतो तो अर्ध्या पॅडलचा अर्थ. पूर्ण दाबल्यावर काय, ते दुसऱ्या पायरीतल्या आकड्यानं आधीच सांगितलंय.

धातू की प्लास्टिक, यावर फार वाद घालतात. अ‍ॅल्युमिनियम तापतं, प्लास्टिक कमी तापतं, आणि हवा १० अंशांनी तापली तर तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी कमी होते, हे सगळं खरं. पण २ लिटरचं इंजिन ७००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ११७ लिटर हवा पितं. मॅनिफोल्डमध्ये ५ लिटर जागा असेल तर हवा आत थांबते सेकंदाचे चार शतांश. तेवढ्यात ती किती तापणार? त्रास होतो तो ट्रॅफिकमध्ये उभं राहून निघताना, किंवा ट्रॅकवर दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी बंद करून ठेवल्यावर. तापमान रोखणारं जाड गॅस्केट मिळत असेल तर जरूर घाला, पण त्यावर हॉर्सपॉवरचे मनोरे रचू नका.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी असलेल्या गाड्या, म्हणजे ई४६ एम३ किंवा २० व्हॉल्वचं ४ए-जीई इंजिन, यांना हा लेख फारसा लागू नाही. तिथे कंपनीनंच शेवटची पायरी गाठून ठेवलेली आहे.

खरेदीआधी पट्टी घेऊन बॉनेटखालची उंची मोजा. प्लेनमवर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच लावायचं आणि उघडून गोळा किती चेपला ते बघायचं, हा जुना उपाय अजून उत्तम चालतो. इंजिन रबरी माउंटवर हलतं, त्याची जागा वेगळी सोडा. मग तोट्या मोजा: ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (इंजिनातले वायू परत आत घेणारी नळी), पेट्रोलच्या वाफेचा पाइप, तापमान आणि दाबाचे सेन्सर. जुन्या मॅनिफोल्डवर सहा तोट्या आणि नव्यावर चार, असं असेल तर उरलेल्या दोन कुठे जाणार हे आज ठरवा, रात्री अकरा वाजता गॅरेजमध्ये नाही. बदललेला भाग तुमच्याकडच्या उत्सर्जनाच्या नियमांत बसतो का, हेही आताच बघा.

पायरी ६: 'आधी'चा आलेख घ्या

मॅनिफोल्डला हात लावण्याआधी डायनोवर तीन धावा. तोच गिअर, टायरमध्ये तीच हवा, इंजिनाचं ऑइल त्याच तापमानाला, आत येणाऱ्या हवेचं तापमान नोंदवलेलं. एकाच गाडीच्या लागोपाठच्या धावांतही एखाद-दोन टक्के फरक पडतो, म्हणून एका धावेवर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला नवं मॅनिफोल्ड लावून भरघोस वाढ मिळाली. आलेख नीट बघितला तर 'आधी'ची धाव तापलेल्या इंजिनावर भर दुपारी आणि 'नंतर'ची सकाळच्या गार हवेत. थोडी वाढ खरी असेलही. किती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

पायरी ७: बसवणं

बॅटरीची तार काढा, पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवा, आणि पाना हातात घेण्याआधी प्रत्येक होजचा फोटो काढा. मॅनिफोल्ड निघाल्या निघाल्या हेडच्या पोर्टांत स्वच्छ कापड कोंबा आणि किती तुकडे कोंबले ते लिहून ठेवा. पोर्टात पडलेला वॉशर दिसत नाही, इंजिन चालू झाल्यावर ऐकू येतो.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारं इंजिन असेल तर व्हॉल्वच्या मागे कार्बन साचलेला दिसेल. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या जोरानं मारून तो काढतात. मॅनिफोल्ड उतरवलंच आहे तर हे करून घ्या. आणि नंतर जी ताकद वाढेल त्यातली काही या सफाईची आहे, नव्या मॅनिफोल्डची नाही, हे मनात असू द्या.

हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीनं साफ करा, लोखंडी पात्यानं ओरखडे पडतात. नवं गॅस्केट पोर्टावर आणि मॅनिफोल्डवर धरून बघा, कडा आत डोकावत असेल तर हवा तिथेच अडखळते. इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्या, त्यांना इंजिन ऑइलचं बोट. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानंच. आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये ८ मिलिमीटरचे बोल्ट बहुतेक २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, अंदाजानं आवळले की आटे गेलेच म्हणून समजा. खाली आधाराचा ब्रॅकेट असेल तर तो परत लावा. जड मॅनिफोल्ड हेडवर नुसतं लोंबकळत ठेवलं की कंपनानं काही महिन्यांत गॅस्केट सुटतं.

पायरी ८: पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

गाडी चालू झाली, आयडल, म्हणजे पॅडल न दाबतानाचा आरपीएम, थोडं वर-खाली होतंय, 'ईसीयू शिकेल' असं म्हणून लोक निघतात. थांबा. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, ते बघा. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर ठीक. माझ्या एका गाडीत आयडलला अधिक १८ दिसत होते आणि २५०० आरपीएमला ४. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, ही व्हॅक्यूम लीकची सही. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात चोरवाटेनं आलेली हवा मोठी दिसते. शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी धुराच्या मशीननं दाखवलं: मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, हात जेमतेम जातो तिथे, न वापरलेल्या तोटीवरचं वाटाण्याएवढं रबरी टोपण चिरलं होतं.

लीक नाही याची खात्री झाल्यावरच ट्यूनिंग. दाबावरून हवेचा अंदाज बांधणाऱ्या ईसीयूत मॅनिफोल्ड बदललं की आतलं कोष्टकच चुकतं, तिथे ट्यूनिंग टाळताच येत नाही. हवा प्रत्यक्ष मोजणारी गाडी चालेल तशीच, पण इग्निशन जुन्या टॉर्कच्या हिशेबानं राहील आणि मिळालेलं अर्धंमुर्धं वाया जाईल. पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान असावं. झडपा असलेलं मॅनिफोल्ड घेतलं असेल तर झडप कुठल्या आरपीएमला उघडायची ते लांब आणि आखूड मार्गाचे दोन आलेख एकावर एक ठेवून, जिथे रेषा छेदतात तिथे ठरवायचं.

पायरी ९: 'नंतर'चा आलेख

त्याच डायनोवर, पुन्हा तीन धावा. कमाल आकडा वाचू नका. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा, तिसऱ्या पायरीतल्या आपल्या पट्ट्याच्या दोन उभ्या रेषा मारा आणि त्यांच्या मधलं क्षेत्र कुठल्या रेषेखाली जास्त आहे ते बघा. ट्रॅकवाल्याच्या रेषा ५४०० आणि ७२०० ला येतील, रोज चालवणाऱ्याच्या १५०० आणि ४००० ला. एकाच मॅनिफोल्डवर दोघांचं उत्तर उलटं येऊ शकतं आणि दोघंही बरोबर असतील.

जुनं मॅनिफोल्ड लगेच विकू नका. तोट्यांना चिकटपट्टी लावा, बोल्ट, ब्रॅकेट आणि निघालेले सेन्सर एका पिशवीत घालून त्यालाच बांधा, पिशवीवर तारीख टाका, आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या.